तोंड खालांचं, तुकडे यम्नाचे

पंचवीस वर्षांत यम्नाला एकाही माशाने आपलं नाव सांगितलं नव्हतं. तिची माशाशी ओळख ताटातली. रव्यात लोळलेला, तव्यावरून उतरलेला, उशाशी लिंबाची फोड घेऊन निजलेला मासा कोण, ते ती एका घासात सांगे. पण अख्खा, डोळे उघडे ठेवून बघणारा मासा? दुबईत, अल कुसैसच्या तिच्या घरच्या फ्लॅटमध्ये मासा यायचा तो पिशवीतून, आणि कापूनच.

आणि आज हाफिजाखाला तिला मासळी बाजारात घेऊन चालल्या होत्या.

खाला म्हणजे रुहानची आई. रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या. रुहान आणि यम्नाचं जमलं होतं, दोन्ही घरांना पसंत होतं, गाडं अडलं होतं एकाच धोंड्यावर. यम्ना दुबईपासून दीड तासावरच्या अल ऐनच्या विद्यापीठात पीएचडी करत होती आणि निकाहनंतरही दोन वर्षं तिथेच राहून ती पुरी करायची म्हणत होती. त्यावर खाला म्हणाल्या होत्या, बघू. खालांचं बघू म्हणजे ओहोटीचं पाणी. वर सगळं शांत, पायाखालची वाळू मात्र निघालेली. म्हणून सकाळीच यम्नाच्या आईने, शहनाझने, लेकीला बजावलं होतं की आज तोंड उघडायचं नाही, हो ला हो म्हणायचं.

गाडी रुहान चालवत होता. मागच्या सीटवर यम्नाशेजारी खाला गुणगुणत होत्या,

*दर्याच्या लेकीचं चांदीचं गं अंग,*
*ओळखील जो तिला, जाईल त्याच्या संग.*

गुणगुणता गुणगुणता त्यांनी विचारलं, तू तिथे करतेस तरी काय?

यम्नाने जमेल तितकं सोपं करून सांगितलं. अंगात जंतू शिरला की एक राखणदार पेशी त्याला गिळते. आतल्या आत त्याचे बारीक तुकडे करते. मग एक तुकडा ताटलीवर वाढावा तसा आपल्या अंगावर बाहेर मांडते आणि मानेतल्या, काखेतल्या गाठीत जाऊन टी पेशींना दाखवते. टी पेशीला अख्खा जंतू ओळखताच येत नाही, तिला कळतो तो फक्त तुकडा. हजारो येतात, बघतात, पुढे जातात. ज्या एकीला तो तुकडा ओळखीचा, ती थांबते.

"आणि तुटून पडते?"

"लगेच नाही, खाला. दाखवणारीने वर एक इशारा द्यावा लागतो, की बाई, खरंच धोका आहे. इशारा नाही मिळाला तर ओळखूनही ती गप्प बसते. मग पुढे कितीही हाका मारा, उठत नाही."

"शिकलेली दिसते तुझी पेशी," खाला म्हणाल्या. "अख्खं काही ओळखत नाही."

रुहानने आरशातून यम्नाकडे बघितलं आणि चटकन पुन्हा रस्त्याकडे.

बाजारात बर्फावर मासे ओळीने निजले होते, वर पांढरे दिवे. खालांनी एकेकावर बोट ठेवलं. यम्नाने हामूर या इथल्या माशाला रावस म्हटलं आणि रावसाला, थोडा विचार करून, पुन्हा रावसच. तिसऱ्या माशापाशी खालांनी बोट मागे घेतलं.  मग त्यांनी स्वतःच एका सुरमईचे कल्ले उघडून पाहिले, पोट दाबलं, दोन शब्द सुनावून भाव उतरवला आणि मासा साफ करायच्या काउंटरवर दिला. तिथे मासे कापणाऱ्या मधूने टोकन दिलं. सुरी चालू लागली.

नंबर पुकारला. मधूने पिशवी पुढे केली. खालांनी ती उघडून डोकं पाहिलं. तेच डोळे, तेच टोकदार तोंड. "खलास, झालं, चला," त्या म्हणाल्या.

यम्नाने डोक्याकडे पाहिलंच नाही. ते तिला काय सांगणार? तिची नजर तुकड्यांवर गेली आणि तिथेच थांबली. काहीतरी चुकलं होतं. पण खालांनी पिशवी घेतली होती, आणि शहनाझचे शब्द कानात होते. तिने ओठ मिटून घेतले.

खालांच्या कोपराचा एक सणसणीत ठोसा तिच्या बरगडीत बसला.

"काय बघतेस गो? बोल ना."

"खाला, हे तुकडे आपले नाहीत."

मधूने डोकं वर धरून दाखवलं. हे तुमचं ना? खालांनी मान डोलावली, माझंच. मग यम्नाने एक तुकडा तळहातावर घेतला. तिच्या आवाजात आता प्रयोगशाळा आली होती. सुरमईचं कातडं गुळगुळीत असतं. हे बघा, खरवडलंय, तरी खवल्यांची जाळी उरलीय. हा कोणीतरी दुसरा आहे. नाव मला माहीत नाही, पण सुरमई नाही.

खालांनी चष्मा लावला, कातड्यावरून अंगठा फिरवला आणि मधूकडे बघितलं. ती नजर पुरेशी होती. मधूने शेजारची पिशवी उलटी केली: डोकं परक्याचं, तुकडे सुरमईचे. तो कपाळावर हात मारून हसला आणि तुकड्यांची अदलाबदल करून वर मूठभर कोलंबी टाकली.

परतीच्या वाटेवर खालांनी मासळीची पिशवी मांडीवर घेतली. गाणं नव्हतं. यम्नाने बरगडी चोळली.

"तोंड बघून मी फसले," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि तो इशारा मी दिला, काय?"

"हो, खाला."

"कोपर मारलं नसतं तर?"

"गप्प बसले असते."

"पुढे कितीही हाका मारल्या तरी?"

यम्नाला हसू आवरेना. खाला खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षं म्हणजे दोनच ना?"

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला माझं मी म्हणेन. तू पुरं व्हायचा महिना सांग."

यम्नाने महिना सांगितला. खालांनी तो बोटांवर मोजला आणि पदर सारखा केला.

"तोवर रुहान शिजवील, त्याला हात आहेत. आणि मासा घ्यायला जाल तेव्हा मला व्हिडिओ कॉल लावायचा. तोंड मी बघेन. तुकडे तू बघ."