इलियासच्या कॅफेतला निळा ई

इलियासनं आखातातली नोकरी सोडून पनवेलला एसटी स्टँडमागे सायबर कॅफे काढला. दोन गोष्टी तो कधी चुकवत नसे: पाचच्या सुमाराची असरची नमाज आणि कोल्ह्याचं चित्र असलेल्या फायरफॉक्स ब्राउझरची तारीफ. बायको साबिरा म्हणायची, "त्या कोल्ह्याशी सोयरीक जुळवल्यासारखं बोलता!"

सहाही कॉम्प्युटरवरून इंटरनेट एक्सप्लोररचा निळा ई त्यानं स्वतःच्या हातानं काढून टाकला होता. भिंतीवर पाटीही होती: 'येथे फक्त फायरफॉक्स. हुज्जत घालू नये.' दोन वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं हुज्जत घातली नाही. इलियासला वाटे, अख्खं पनवेल आपण शहाणं केलं. कसलं शहाणं आणि कसलं काय!

मग २०१०चा जून आला. मुलगी आलियाचा इंजिनीअरिंगचा फॉर्म भरायचा होता. हवा असलेला दाखला आदल्या संध्याकाळी मिळाला, आणि आज सहाला साइट बंद होणार होती. फॉर्मवर क्लिक केलं की एकच ओळ यायची: 'ही साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर चालेल.'

"साइट बनवणाऱ्यालाच अक्कल नाही," इलियास म्हणाला. त्यानं रिफ्रेश केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कोल्ह्याला चुचकारलं, शेवटी शिव्या दिल्या. आलिया मागे उभी राहून घड्याळाकडे बघत होती. पाच वाजले.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर सुकापूरचे तुळशीराम नातवाचा असाच काहीसा फॉर्म घेऊन बसले होते. "इलियासभाय, आज नमाजला जायाचं नाय का?" त्यांनी विचारलं. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. आपल्या नमाजेची या म्हाताऱ्याला केवढी काळजी, म्हणून इलियासला भरून आलं.

साडेपाच झाले. पोरीचं वर्ष जाणार, आणि कशापायी? एका कोल्ह्यापायी! समोरच प्रितमचा कॅफे होता. तिथे निळा ई होता, आणि त्यावरून प्रितमची दोन वर्षं टिंगल करणारा इलियासच होता. त्यानं पायात चपला सरकवल्या.

"चल, प्रितमकडे. पाया पडायला लागलं तरी पडेन त्याच्या."

आलियाला राहवलं नाही. तिनं अब्बाला बाजूला केलं, स्टार्टमधून 'रन' उघडलं, काहीतरी टाइप केलं. स्क्रीनवर निळा ई आला.

"तुम्ही नुसतं चित्र पुसलं होतं, अब्बा. आत सगळं जागच्या जागी आहे."

"तुला कधीपासून माहीत?"

आलियानं तुळशीरामांकडे पाहिलं. म्हातारा मान खाली घालून म्हणाला, "सगल्यांनाच ठाव हाय. तुमी नमाजला गेलात का आमी फॉर्म भरून घेतो. तुमी एवढ्या हौसेनं पाटी लावलेली, कोण तोंडावर बोलणार?"

इलियासचे कान तापले. दोन वर्षं त्याची इज्जत गिऱ्हाइकांनी सांभाळली होती, रोज अर्धा तास.

पावणेसहाला आलियाचा फॉर्म गेला, पाच मिनिटांनी तुळशीरामांच्या नातवाचाही.

दुसऱ्या दिवशी असरची अजान झाली. इलियासनं टोपी घातली आणि दारातून मोठ्यानं सांगितलं, "मी निघालो. आज पाऊण तास लागेल."

पाटी त्यानं काढली नाही. एवढी जिद्द त्याच्यात उरली होती. परतताना मात्र तो दाराबाहेर थांबला, चांगला दोनदा खाकरला, आतला माऊसचा खडखडाट थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मगच आत शिरला.