स्वतःच्या तोंडाने

पेनराइस साहेबाला नवे अधिकार मिळाले तेव्हा त्याने तो राजपत्राचा कागद मला, त्याच्या दुभाषाला, तीनदा मोठ्याने वाचायला लावला. परमुलखात अडकलेल्या आपल्या माणसांसाठी शपथा देणं, ओळख पटवणं, कागदावर शिक्का उठवणं, ही कॉन्सलची आणि नोटरीची कामं यापुढे जिल्ह्याच्या साहेबानेच करावीत, असं त्यात होतं. पितळी शिक्का कागदाच्याही आधी येऊन पडला होता. साहेब तो रोज रुमालाने पुसायचा. गिऱ्हाईक मात्र मिळत नव्हतं.

ते जुलैच्या सव्वीस तारखेला आलं. न्यामोयो आणि तिची सासू न्याचावुला पहाटेपासून चालून कचेरीच्या व्हरांड्यात येऊन बसल्या. न्यामोयोचा नवरा माझा मिशनच्या शाळेतला सोबती. दक्षिणेच्या खाणींकडे निघाला होता, वाटेत पोर्तुगीज मुलखात धरला गेला. ओळखीचा कागद हरवलेला, म्हणून त्यांनी त्याला आपल्याच मुलखातला ठरवून उसाच्या मळ्यावर जुंपला. त्याच्या तुकडीतून निसटलेल्या एकाने निरोप आणला होता: बारा ऑगस्टला बोट सुटणार, तुकडी कोकोच्या मळ्यांच्या बेटावर जाणार. त्या बेटावरून आमच्याकडचा कोणी परत आल्याचं मी ऐकलेलं नाही. हा आमचा माणूस आहे असं शपथपत्र बोटीआधी तिकडच्या कॉन्सलच्या हाती पडलं, तर तो सुटणार होता. टपालाला दहा दिवस लागत.

साहेबाने बायबल पुढे सरकवलं. "विचार तिला, नवऱ्याचं पूर्ण नाव काय."

मी विचारलं. न्यामोयोने मान खाली घातली.

"तुम्हांला ठाऊक आहे की, भावजी."

ठाऊक कसं नसेल? मी सांगून टाकणार, तोच साहेबाने बोट उचललं. "तू नाही. शपथ घेणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं."

आम्हा न्गोनी लोकांत सून नवऱ्याचं आणि सासरच्या थोरांचं नाव घेत नाही. त्या नावाच्या जवळ जाणारा शब्दसुद्धा टाळते. माझ्या या मित्राला त्याच्या आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणजे बायकोला ते दुप्पट बंद. आणि सासूला? ते तिच्या सासऱ्याचं नाव. पोटच्या पोराला तिने जन्मात नावाने हाक मारली नव्हती, 'धाकटे मालक' म्हणायची. घरातले पुरुष काही मेलेले, काही खाणीत. उरल्या या दोघी, आणि दोघींच्या तोंडाला कुलूप.

हे साहेबाला समजावताना मला घाम फुटला.

"म्हणजे तिला नवऱ्याचं नावच माहीत नाही?"

"माहीत आहे, ब्वाना. घेता येत नाही."

"न सांगितलेल्या नावावर मी शिक्का कसा मारू?"

"मग मी घेतो शपथ. मी त्याला लहानपणापासून ओळखतो."

"तू दुभाषा आहेस. दुभाषाच साक्षीदार झाला तर दुभाषा कोण होणार?" आणि तो स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला.

न्यामोयोने एकदा मागे वळून सासूकडे बघितलं. मग बायबलवर हात ठेवला. "दुमिसा," ती म्हणाली. "दुमिसा न्हलाने." पुटपुटली नाही, खणखणीत बोलली, कारण ऐकू येईल असं बोल म्हणून साहेबाने दोनदा बजावलं होतं.

न्याचावुला उठली. "आता माझ्या चुलीला हात लावू नकोस."

"गोगो, तुमच्या पोराचा जीव वाचतोय," मी म्हणालो.

"वाचू दे की. मी कुठे नको म्हणते? तो येईल, बकरा कापून हिला शुद्ध करील, मग ही माझी सून. तोवर हिने बापाकडे राहावं." आणि ती एकटीच चालायला लागली. बकरा नवऱ्यानेच कापायचा असतो, दुसऱ्याचा चालत नाही.

शपथपत्र मी टाइप केलं. तारीख मारताना राजपत्राची शेवटची ओळ मला आठवली: हे अधिकार एक ऑगस्टपासून. मी थांबलो. पण आठवड्यापूर्वी चार शिपायांदेखत मी साहेबाची एक चूक दाखवली होती, तर त्याने मला दुपारभर झेंड्याखाली उन्हात उभं केलं होतं. मी गप्प बसलो. एवढा चकचकीत शिक्का असताना तारीख कोण बघतंय, असं स्वतःला सांगितलं. सहा दिवस थांबलो असतो तरी कागद अकराला पोचला असता. हे गणित मी नंतर फार वेळा केलं आहे.

ऑगस्टच्या शेवटी कॉन्सलचं उत्तर आलं. कागद वेळेत पोचला होता. पण सही करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या तारखेस अधिकार नव्हता, म्हणून तो विचारात घेता आला नाही. तुकडी ठरल्या दिवशी रवाना झाली. शपथपत्र नव्याने करून पाठवावं.

साहेबाचे कान लाल झाले. "टाइप तूच केलं होतंस ना?" मग म्हणाला, "तिला बोलाव. पुन्हा शपथ घेऊ. आता मला अधिकार आहे."

"बोट गेली, ब्वाना."

"फाइल तर आहे ना."

मी गावी गेलो. न्याचावुला अंगणात शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं. ती ओळ मला दिसली होती, एवढं मात्र सांगितलं नाही. ते इथे पहिल्यांदाच सांगतो आहे.

"म्हणजे माझ्या सुनेने नाव घेतलं, ते फुकटच?"

तिने मांडीवरची टरफलं झटकली आणि उभी राहिली.

"दुमिसा," ती म्हणाली. तो शब्द तिच्या जिभेला माहीतच नव्हता. "दुमिसा न्हलाने. माझा मुलगा. घे लिहून. आणि तुझ्या साहेबाला विचार, आजची तारीख चालते का."

मी खिशातून कागद काढला, तारीख घातली, नाव लिहिलं. दुसरं काय करणार होतो?

"जाताना तिच्या बापाच्या घरावरून जा," ती म्हणाली. "तिला सांग, चूल पेटवायला ये. बकरा कापणारा येत नाही. आता आम्ही दोघी सारख्याच."