मीनाच्या हातावरचा लाल डाग

मीनाच्या हातावरचा डाग रुपयाच्या नाण्याएवढा होता. गडद लाल. पण त्याची कड फार स्वच्छ होती, बोटाने आखल्यासारखी, आणि कातडीच्या बारीक रेघांत रंग साचला होता.

"लागण झाली ना, रजनीताई?" छायावहिनीने मीनाचा हात माझ्यापुढे धरला.

माझा भाऊ वसंत क्षयातून बरा होऊन दिवाळीत सौंसरला परतला होता. डॉक्टरांनी घरी राहायची परवानगी दिली होती. तरी तो बोरगावच्या संत्र्याच्या बगिच्यात एकटाच राही, कारण वहिनी 'या' म्हणत नव्हती. आजार लेकीपर्यंत पोचला नाही, हे कळल्याशिवाय तिचं मन धजत नव्हतं. नागपूरच्या दवाखान्यात मी याच तपासण्या करते. म्हणून परवा मीच मीनाच्या हातावर चाचणीची सुई टोचली होती.

"आई, इथं काही लावलं का?" मी माझ्या आईला विचारलं.

"हळद-चुना लावला. सुई टोचली होती, सुजीन म्हटलं."

चुना पडला की हळद लाल होते. मी तेलाच्या बोळ्याने डाग पुसला. फिकट पिवळं उरलं. मग हळूच बोट फिरवलं. कातडी सगळीकडे मऊ. गाठ नाही.

"लाली नाही मोजत, वहिनी. टणकपणा मोजतात. अंगात राखणदार पेशी असतात. सुईतून गेलेला जंतूचा अंश त्या गिळतात, तुकडे करतात, आन एक तुकडा आपल्या अंगावर धरून लढणाऱ्या टी पेशींना दाखवतात. 'वळखता का याले?' असं इचारल्यासारखं."

"मंग?"

"जंतू आधी येऊन गेला असन, तर त्या वळखतात. धावून येतात, गर्दी करतात. कातडी टणक होते."

"आपला बगिच्याचा राखणदार कवडू तर चोर समोर आला तरी झोपून राह्यते," आई म्हणाली. "त्याले पगार काहून देऊन राहिलो?"

वहिनी हसली नाही. तिने स्वतःचं बोट मीनाच्या हातावर फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"इथं कोणीच नाही आलं?"

"कोणीच नाही. मीनाले लागण नाही."

"गुदगुल्या होते वं आई!" मीनाने हात ओढून घेतला आणि अंगणात पळाली.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. पदराने तोंड पुसलं. मग तिने आईकडे पाहिलं.

"त्याइले बोलवा," ती म्हणाली. "आजपासून घरीच राहतीन."