फराळाच्या तेलावर धारपर्यंत

टेकरीवरच्या दोन्ही मातांची शपथ, तुळजेची आणि चामुंडेची, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे! मुद्दाम मोठ्यानं सांगते, म्हणजे समोरच्या नर्मदाबाईलाही ऐकू जाईल. तिचं नाव ह्यात येणार आहे, आणि ते तिला आवडणार नाही.

आमच्या देवासच्या घरासमोर ती पांढरी अँबेसडर उभी असते ना, ती तळणाच्या तेलावर चालते. तुमच्या आजोबांनी जन्मभर आयटीआयत पोरांना इंजिनं शिकवली. रिटायर झाले, घरी करमेना, मग स्वतःच्याच गाडीचं पोट उघडलं. पुढे एक छोटा डबा बसवला, त्यात डिझेल. मागची मोठी टाकी तेलाची. गाडी डिझेलवर चालू करायची, इंजिन तापलं की खटका फिरवून तेलावर घ्यायची, आणि बंद करायच्या आधी पुन्हा थोडं डिझेल पाजायचं, म्हणजे नळ्या धुतल्या जातात. मला हे सगळं पाठ आहे, कारण तेल गाळायला माझ्याच सुती साड्या फाटल्या.

गल्लीतलं वापरलेलं तेल आमच्याकडे येतं. त्यामुळे गाडीच्या धुराला कधी कचोरीचा वास, कधी भज्यांचा. एकदा नाक्यावर पोलिसानं थांबवलं. कागद बघितलेच नाहीत, नुसतं विचारलं, अंकल, डिक्कीत जे आहे ते गरम आहे का. आणि कुत्री तर गाडीमागे थेट क्षिप्रेच्या पुलापर्यंत येतात, तिथे बसून थोडा विचार करतात आणि परत जातात. खोटं वाटत असेल तर कुत्र्यांना विचारा.

आता वन्संचं सांगते. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, जानकीबाई. धारला असतात, आपल्या नातीबरोबर, शिखाबरोबर. पंच्याऐंशीच्या पुढे गेल्यात, डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं ते वन्संनीच. भाऊबीजेला हे धारला गेले नाहीत असं कधी झालं नव्हतं.

मागच्या वर्षी झालं. ह्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, डॉक्टरांनी उठूच दिलं नाही. वन्सं ताट तयार करून दिवसभर बसून राहिल्या. संध्याकाळी, ज्यांना भाऊ नसतो त्या बायका करतात तसं, त्यांनी चंद्राला ओवाळलं. मग फोन केला आणि हसत म्हणाल्या, "चंद्र बरा रे मोरू. बोलवावं लागत नाही, आणि गोडाचं कर म्हणत नाही."

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भाऊ असून बहिणीनं चंद्राला ओवाळलं. वर्षभर तो चंद्र ह्यांच्या घशात अडकून होता, गिळताही येईना, थुंकताही येईना.

म्हणून यंदा ठरलेलंच होतं. वन्सं चंद्राकडे वळायच्या आत धार गाठायची. आणि भाऊबीजेचा चंद्र केवढा, तर नखाएवढी कोर. दिवस मावळला की जरा वेळ दिसते आणि लगेच बुडते. उशीर करायला जागाच नाही.

आमच्या नातवानं, अंशुलनं, पुण्याहून टॅक्सी ठरवून दिली होती. आम्ही कपडे करून, वन्संची साडी पिशवीत घालून बसलो. दुपार झाली तरी टॅक्सी नाही. ड्रायव्हरला फोन लावला तर तो म्हणे, माँजी, आज तो हमारी भी भाईदूज है, बहन के घर जीम रहा हूँ, म्हणजे जेवतोय. त्याला काय बोलणार, त्यालाही बहीण आहे. दुसऱ्याला लावला, तो बाग गावी बहिणीकडे. तिसरा पीपलरावां गावी. त्या दिवशी अख्ख्या देवासातला प्रत्येक ड्रायव्हर कुणाचा तरी भाऊ असतो, हे ना अंशुलच्या ध्यानात आलं ना आमच्या.

हे उठले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि अँबेसडरची किल्ली घेतली. मी म्हटलं, अहो, खुबा? म्हणाले, त्याला कुठे ठेवून जाऊ, येऊ दे बरोबर.

टाकी तर काठोकाठ भरलेली. दिवाळीत आमच्या गल्लीतलं एकूण एक मराठी घर तळणाला बसतं, चकली, शेव, चिरोटे, आणि उरलेलं तेल डब्यांनी आमच्या ओट्यावर येतं. इंदूरच्या बायपासला गाडी अशी पळत होती की मागून येणारा मोटरसायकलवाला खिडकीशी येऊन वास घेऊन गेला. ह्यांनी शीळसुद्धा घातली. मी म्हटलं, आता पोचलोच.

घाटाबिल्लोदच्या अलीकडे गाडीला उचक्या लागल्या. दोन झटके दिले आणि एका चहाच्या टपरीसमोर गप उभी राहिली. ह्यांनी बॉनेट उघडलं, फिल्टर काढला. आत पांढरं, घट्ट, मेणासारखं. ह्यांनी बोटावर घेऊन वास घेतला, मग बोट माझ्या नाकाशी आणलं.

अनारसे.

अनारसे तेलात नाही, तुपात तळतात. तूप गार झालं की थिजतं, म्हणून गाडीत घालायचं नाही, हे ह्यांनी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलेलं. आणि आमच्या गल्लीत अनारसे करते एकटी नर्मदाबाई. दरवर्षी ताट फिरवते, साजूक तुपातले हो, म्हणून. आता साजूक तूप मी ओळखते. हे होतं वनस्पती तूप. कढईतलं उरलेलं कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून बाईनं गुपचूप तेलाच्या डब्यात ओतून दिलेलं. इतकी वर्षं मी त्या अनारशांची तारीफ करत आले.

टपरीवाला राजवीर दुकान आवरत होता, त्यालाही कुक्षीला बहिणीकडे जायचं होतं. तो येऊन फिल्टरकडे बघत राहिला.

"अम्मा, ये गाड़ी है कि कड़ाही?"

मी म्हटलं, दोन्ही आहे बेटा, तू गरम पाणी दे. त्यानं विझवलेला स्टोव्ह पुन्हा पेटवला, पातेलंभर पाणी उकळून दिलं. आम्ही ते फिल्टरवर आणि नळ्यांवर ओतलं, तेव्हा कुठे ते तूप वितळून वाहिलं. गाडी चालू करता करता छोट्या डब्यातलं डिझेल मात्र संपलं. पुढच्या पंपावर गाड्यांची ही लाइन, आणि चंद्र काही लाइनीत उभा राहणारा नव्हता. तेव्हा आता तेलावरच जायचं आणि इंजिन गार म्हणून होऊ द्यायचं नाही.

सूर्य बरोबर समोर, काचेतून डोळ्यांत येत होता आणि बघता बघता खाली चालला होता. ह्यांच्या कपाळावर घाम. मी धीर द्यायला म्हटलं, काळजी करू नका, धारला किल्ला आडवा येतो, म्हणून चंद्र तिथे उशिरा बुडतो. हे म्हणाले, तू जरा गप्प बस. आणि मी बसले. लग्नानंतर पहिल्यांदा.

धारला वन्संच्या गल्लीत शिरलो तेव्हा दिवे लागले होते. दोन्ही बाजूंना गाड्या, सगळे कुणाकुणाचे भाऊ आलेले. मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. पुढे बघते तर वन्सं दारात उभ्या, हातात ताट, निरांजन लावलेलं, तोंड पश्चिमेला. शिखा त्यांचे खांदे धरून सांगत होती, "आजी, थोडं लेफ्टला. पानी की टंकी के ऊपर. हां, तिथेच आहे."

वन्संनी ताट उचललं.

मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. "वन्सं, थांबा."

ताट तसंच हवेत राहिलं. वन्संनी विचारलं, "मोरू आलाय?"

आले होते, पण उतरायचं कसं? ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी बंद, आणि बंद पडली की ते तूप पुन्हा थिजणार. मग गल्लीच्या मधोमध रात्रभर ती अशी अडकणार की एकाही भावाला घरी जाता येणार नाही. त्यात खुबा आखडलेला. शिखा ओरडून सांगत होती, दादू, उतरा ना लवकर, मून जातोय.

वन्सं म्हणाल्या, "त्याला बसू दे. मी येते."

शिखानं एक कोपर धरलं. वन्सं पायऱ्या उतरल्या, ताट एका हातात, दुसरा हात पुढे. तो हात आधी बॉनेटला लागला. गरम होतं, तरी त्यांनी काढला नाही. बॉनेटवरून आरशावर, आरशावरून खिडकीवर, आणि खिडकीतून ह्यांच्या गालावर. तिथे थांबला.

मग त्यांनी कुंकू लावलं, ते थोडं कपाळाला आणि थोडं चष्म्याला. अक्षता लावल्या. खिडकीतूनच ओवाळलं. इंजिन धडधडत होतं, त्याच्या तालावर ज्योत नाचत होती. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, मग काय चाललंय ते त्याला दिसलं आणि त्यानं हॉर्न सोडून दिवेसुद्धा मंद केले. ह्यांनी साडी ताटात ठेवली. हे म्हणाले, "ताई, यंदा चंद्राला सुट्टी." वन्सं इतक्या हसल्या की शिखाला ताट सावरावं लागलं. कोर पाण्याच्या टाकीमागे कधी गेली ते कुणी बघितलंच नाही.

वन्संनी जाता जाता गाडीलाही ओवाळलं. मग ह्यांनी पाय काढला आणि ती जी बंद पडली ती पडलीच. गल्लीतल्या सगळ्या भावांनी मिळून ढकलून ती कडेला लावली. सकाळच्या उन्हात तूप वितळलं, छोट्या डब्यात डिझेल आणून घातलं आणि आम्ही घरी आलो.

हे सगळं खरं. शपथ घेतलीये म्हणून एवढं मात्र सांगून टाकते, ते चंद्राच्या सुट्टीचं वाक्य माझं आहे. मी वाटेत गप्प बसले होते ना, तेव्हा सुचलेलं, आणि मला वाटलं ह्यांच्या तोंडी शोभेल. हे काही बोलले नव्हते. वन्संचा हात गालावर आला आणि ओला झाला, तेव्हा त्यांनी विचारलं, "धूर लागला का रे?"

ह्यांनी हो म्हणून मान हलवली.