बाणाचं वजन

"तूच चोरून चारतोस त्याला," आई म्हणाली. "नाहीतर महिनाभर पळवून वजन जिथल्या तिथं कसं?"

माझं डोकं सटकलं. शाळा सोडल्यापासून घरात काहीही बिघडलं की माझंच नाव. नळ गळला तरी मीच.

बाण म्हणजे आमचा कुत्रा. पिल्लू होता तेव्हा बाणासारखा सुटायचा. आता आकार पिंपाचा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्याला उचलून चढवताना बाबांची कंबर धरली, तेव्हाच ठरलं. महिन्यात एकोणीसचे सतरा किलो झाले नाहीत, तर बाण मावशीकडे, तळमजल्यावर. आज महिना संपला. मावशी त्याची ताटली पिशवीत घालून तयारच बसली होती.

बाण काही वजनकाट्यावर उभा राहत नाही. म्हणून मी त्याला उचलून उभा राहायचो आणि ताई आकड्यातून माझे बावन्न वजा करायची. पहिल्या दिवशी एकाहत्तर. आजही एकाहत्तर.

"मी चारतो?" मी म्हणालो. "बाबा पेपरच्या आडून पावाच्या कडा सोडतात. ताई टेबलाखालून बिस्किटं सरकवते. आणि तू सायीची वाटी रोज 'विसरून' खाली ठेवतेस. मला डोळे आहेत."

सगळे बाणाकडे बघायला लागले, जशी काही चहाडी त्यानंच केली.

"मग बघत बसलास फक्त?" बाबांनी विचारलं.

"त्याचं तोंड पोचायच्या आत उचलत होतो."

"आणि टाकत होतास कुठं?"

"टाकतोय कुठं? अन्न टाकलं की आई घर डोक्यावर घेते. खाल्लं."

ताईनं मला वरून खाली न्याहाळलं. नजर पँटच्या बटणावर थांबली. ते आठवडाभर लागत नव्हतं.

"एकटा चढ काट्यावर," ती म्हणाली.

"कशाला?"

"चढ म्हटलं ना."

काटा पंचावन्नवर थांबला.

"एकाहत्तरमधून पंचावन्न गेले," ताई म्हणाली, "बाण सोळा."

आईला एकदम गॅसवरचं दूध आठवलं. मावशीनं पिशवीतून ताटली काढून परत जागेवर ठेवली, मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मग ह्याला नेऊ का? जागा केलीच आहे."

"ने," आई आतून म्हणाली. "मोजून वाढ फक्त."

बाबांचा नवा नियम आजपासूनच लागू झालाय. बाणाला कुणी उचलायचं नाही, आणि तो जितक्यांदा जिना चढेल त्याच्या दुप्पट मी चढायचा. तो दुसऱ्या मजल्यापर्यंत एकटा येतो, मग पायरीवर बसून माझ्या नावानं भुंकतो. आत्ताही तेच चाललंय. शेजारी दार उघडायच्या आत मला जायला हवं.