तेल धुणारे पिंप

मित्रांनो, माझे पोट पाहून हसायचे असेल तर आधी हसून घ्या, मग ऐका. मी एक जुने तांब्याचे पिंप आहे. अर्जुनीच्या उदारामच्या घाण्यावर, पडवीत उभे असते. वर रुंद, खाली निमुळते आणि अगदी बुडाशी पितळी तोटी. असले बेढब भांडे पाणी भरायला कोण करील? मला तेल धुवायला केले आहे.

होय हो, तेलही धुतात! मोहाच्या बिया म्हणजे टोरी. टोरीचे तेल काही दिवस राहिले की खवट होते. मग त्यावर राखेचे कोमट पाणी हळूहळू शिंपडायचे. पाणी जड, ते तेलातून खाली उतरते आणि उतरता उतरता खवटपणा सोबत नेते. ते तोटीतून काढून टाकले की वर चांगले तेल उरते.

हे सारे उदारामच्या बायकोला, सुमित्राबाईंना का सुचले, तेही सांगते. गोंदियाच्या मुन्नालाल साबणवाल्याने उदारामला बजावले होते, "तेल धो के दो भाई, सालभर लेता रहूँगा. खट्टा दोगे तो गाडी खाली वापस." धुतलेले तेल जमले नाही तर घाणा बंद, आणि उदाराम बालाघाटच्या खदानीवर जाणार, हे घरात ठरल्यासारखेच होते. सुमित्राबाईंना ते नको होते. खदानीवर गेलेला माणूस वर्षातून एकदा घरी येई, तोही खोकत. म्हणून त्या स्वतः भंडाऱ्याला गेल्या आणि सेवकराम तांबटाच्या ओट्यावर कोळशाने माझा आकार काढला. त्याने नऊ दिवस ठोकून मला घडवले, आतून कल्हई केली. आहाहा, काय चमकत होते मी!

पण घरी पोचले तर उदारामचा धाकटा भाऊ केशोराव दारातच खो खो हसला. त्याने गोंदियाच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून लोखंडी पिंप आणले होते. त्याला दांडा, आत चार पाती.

"वैनी, तुमच्या भांड्यात दिवस जाते. याच्यात चार फेरे मारले का काम खतम!"

उदारामलाही ते पटले. माझ्यात काय भरले सांगू? कोंडा! ढोरांचा कोंडा! फार लागले मला ते.

अख्ख्या हंगामाचे तेल लोखंडी पिंपात गेले. केशोरावने जोर लावून दांडा फिरवला. तेल आणि राखेचे पाणी एकमेकांत असे मिसळले की पांढरा फेस झाला, हुबेहूब ताकच. केशोराव दुभत्याच्या घरात वाढलेला गडी. घुसळले की वर काहीतरी येणारच, अशी त्याची खात्री. त्याने आणखी घुसळले. तीन दिवस गेले, तेल काही वर येईना. मुन्नालालच्या बैलगाड्या सोमवारी येणार होत्या. उदारामने खदानीवर जायचे बोचके बांधले. रविवारी सकाळच्या छोट्या लायनीच्या आगगाडीने तो निघणार होता.

"काऊन घुसळून राहिले भाऊजी?" सुमित्राबाई कडाडल्या. "आपल्याले लोनी नाई काढाचं. तेल-पानी दोघाले शांत करून येगळं कराचं हाय!"

त्यांनी माझ्यातला कोंडा ओतून टाकला, मला पुसून लख्ख केले आणि ते ताक माझ्यात भरले. मग बुंदीचा झारा वर धरून त्यातून कढत मिठाचे पाणी थेंबाथेंबाने सोडले; मिठाने फेस फुटतो. हे तेल गारठ्यात थिजते, म्हणून मला गोधडीत गुंडाळले.

"आता याले कोनी हात लावाचा नाई. पाय बी जोरात आपटाचा नाई."

दोन दिवस त्या येता जाता माझ्या अंगाला तळहात लावून ऊब पाहत. मी तर बाई हूं की चूं केले नाही. असा जीव कोणी कोणाला लावला की भांड्यालाही कळते.

रविवारी उदाराम बोचके घेऊन पडवीत आला. "येतो वो."

"तोटी कोन पाहीन?" सुमित्राबाईंनी विचारले. "पान्याचा अन् तेलाचा मधला घान थर मले समजत नाई. उशीर झाला का तेल वाहून जाते, घाई केली का घान तेलात राह्यते."

"केशो पाहीन."

"माह्या बोटाले नाई समजत दादा," केशोराव मान खाली घालून म्हणाला. "माह्यानंच तं बिघडलं."

उदारामने बोचके खाली ठेवले आणि माझी तोटी उघडली. धारेखाली बोट धरून तो उकिडवा बसला. आधी काळे पाणी आले, मग साबणासारखे बुळबुळीत काही. तेवढ्यात टेसनावर शिटी झाली.

"दादा, गाडी!"

"चूप रे! आता नोको बोलू."

बोट धारेखाली, डोळे मिटलेले. गाडी आली, थांबली, निघून गेली. त्याने खटकन तोटी बंद केली. केशोराव माझ्या तोंडावर वाकला. आत पिवळेधमक, नितळ तेल होते. "वैनी, याचं बूड दिसते!" असे काहीतरी भलतेच तो ओरडला आणि लहान पोरासारखा नाचला. सुमित्राबाईंनी बोचके सोडले, आतला दुपट्टा काढला आणि नवऱ्याचा तेलकट हात पुसत बसल्या, कितीतरी वेळ.

मित्रांनो, सोमवारी मुन्नालालच्या गाड्या तेल घेऊन गेल्या. त्या लोखंडी पिंपाचा मला राग नाही. घराला लावायचा चुना कालवायला त्याच्यासारखे दुसरे नाही. भांडे आणायला जाल तेव्हा ते किती जोराचे हे मागाहून विचारा, आत काय पडणार आहे त्याचा स्वभाव आधी विचारा. आणि आणलेत, की त्याची निगा राखा. माझी कल्हई दोन सालांपासून विटली आहे. आता तांबे तेलात उतरून त्याला विषारी हिरवी झाक येते, आणि ते तेल उदाराम बोटाने चाखतो, म्हणून माझा जीव वरखाली होतो. कोणीतरी कल्हईवाल्याला हाक मारा रे.