मोहरीएवढा कल

मित्रांनो, सॉल्टर्न बंदरात जाळी विणणाऱ्यांचे एक लांबट खोपट आहे. त्याच्या मागच्या भिंतीला टेकून पितळेची एक भलीमोठी वाकडी पट्टी उभी असते. कोळ्यांची मुले तिला गाडीच्या मोडक्या चाकाची धाव समजतात आणि तिच्यावर ओले मोजे वाळत घालतात. ती पट्टी म्हणजे मी. एके काळी मी इंग्लंडच्या राजाच्या वेधशाळेतला, ताऱ्यांची उंची मोजणारा चाप होतो आणि आकाशातला एकही तारा मला हजेरी दिल्याशिवाय पुढे सरकत नव्हता.

माझा जन्म घंटा ओतणाऱ्याच्या भट्टीत झाला. त्याच दिवशी, त्याच अंगणात, सॉल्टर्नच्या चर्चची घंटाही ओतली गेली. तिला मी बहीण मानतो. ती वाजली की आजही माझ्या अंगातून एक बारीक थरथर जाते आणि मला झोपेतून जागे झाल्यासारखे वाटते.

मला ओतून घेणाऱ्या माणसाचे नाव अँब्रोज थर्केल. तो राजाने नेमलेला खगोलवेत्ता होता. ते पद तेव्हा नवेच होते. राजाला तारे मोजणारा माणूस कशाला हवा, हे दरबारातल्या निम्म्या लोकांना कळत नव्हते. बंदरातल्या बायकांना मात्र ते चांगले कळत होते. जहाजे दूर देशी निघाली की पाण्यावर ना रस्ता ना खूण. खलाशी ताऱ्यांची उंची पाहून आपण कुठे आहोत ते ठरवत, पण त्यांच्याजवळच्या ताऱ्यांच्या याद्या फार जुन्या आणि चुकांनी भरलेल्या होत्या. त्या चुकांपायी कितीतरी घरांत एकेक खुर्ची रिकामी राहिली होती. म्हणून राजाने हुकूम काढला, ताऱ्यांची नवी, बिनचूक यादी करा.

अँब्रोज उंच, किडकिडीत आणि अबोल होता. त्याची धाकटी बहीण डॉर्कस त्याच्याबरोबर राहत असे. ती ठेंगणी, चपळ आणि तोंडाची तिखट. भाऊ वेध घ्यायचा, बहीण गणिते मांडायची. माझ्या अंगावर अंशांच्या आणि कलांच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांच्या, रेघा कोरायचे काम अँब्रोजने कुणा कारागिराला दिले नाही. एक अख्खा हिवाळा तो पोलादी सुईने एकेक रेघ ओढत बसला. उबेने पितळ वाढते, म्हणून त्याने खोलीत शेकोटी पेटवू दिली नाही. डॉर्कस पट्टी धरून उभी असायची, नाक लालबुंद.

"तारे मोजून व्हायच्या आत आपण दोघं गारठून मरणार बघ," ती म्हणायची. "मग वरच जाऊन जवळून मोजू."

"पट्टी हलवू नकोस," एवढेच तो म्हणायचा.

वेधशाळा बंदरामागच्या टेकडीवर होती. तिथली भिंत पॅस्को नावाच्या म्हाताऱ्या गवंड्याने बांधली. उत्तर-दक्षिण, सरळ, दोन हात जाडीची. मला त्या भिंतीवर चढवले, माझ्यावर सरकणारी दुर्बीण बसवली आणि वरच्या छपरात एक लांब फट ठेवली. ध्रुवापासून दक्षिणेच्या समुद्रापर्यंत आकाशाचा तेवढा एक पट्टा माझा होता. त्या पट्ट्यातून स्वाती जायची, चित्रा जायची, रोहिणी जायची. दुपारी सूर्यही शिस्तीत यायचा. मला कुठे जावे लागत नसे. सगळे विश्वच माझ्यासमोरून वाहत जायचे आणि मी पाण्याकाठी बसलेल्या माणसासारखा नुसता बघत राहायचो.

सुरुवातीला माझ्याजवळ एक ओळंबा टांगलेला असे. भिंत सरळ आहे की नाही ते त्याने कळायचे. पण दार उघडले की वाऱ्याने तो झुलायचा आणि डॉर्कसच्या घोळदार झग्यात दोरी अडकायची. एकदा ती अडखळून पडताना वाचली. पॅस्को मोठ्याने हसला.

"काढून टाका ती दोरी, साहेब! पॅस्कोची भिंत आहे ही. जगबुडी झाली तरी हलायची नाही. माझा जोरी उद्या तुमच्याच ताऱ्यांवर विसंबून जहाज हाकणार आहे, मी काय कच्चं काम करीन?"

जोरी हा त्याचा एकुलता एक मुलगा, जहाजावर सुकाणू धरायला शिकत होता. अँब्रोजने मान डोलावली. ओळंबा गुंडाळून कपाटात गेला.

मग माझे सोन्याचे दिवस आले. दरबारातले उमराव मला बघायला टेकडी चढून येत. रेशमी हातमोजे घातलेल्या बायका माझ्या रेघांवरून बोट फिरवत. "हा तर इंग्लंडचा डोळा!" असे कुणीतरी म्हणाले आणि ते नाव मला चिकटले. डॉर्कस दर शनिवारी मला मऊ कापडाने पुसायची. मी झळझळत असे. मित्रांनो, कौतुकाची एक गुंगी असते. ती अंगात भिनली की आपण उभे आहोत की कलंडलो आहोत, हेही कळेनासे होते.

मला मात्र कळले. तिसऱ्या वर्षी खूप पाऊस झाला. टेकडीच्या पोटातली माती भिजली, फुगली, पुन्हा वाळली. एका पहाटे मला वाटले, आपण स्वप्नात हळूच एका कुशीवर वळतो आहोत. भिंतीचे उत्तरेकडचे टोक केसभर खचले होते. पुढच्या वर्षी आणखी केसभर. कुठे तडा नाही, आवाज नाही. तारे नेहमीसारखे येत होते, अँब्रोज नेहमीसारखा आकडे सांगत होता, आणि प्रत्येक आकडा किंचित खोटा होता. तो खोटेपणा माझ्या अंगातून जात होता. मला ओरडावेसे वाटे. पण पितळेला जीभ नसते. चर्चची घंटा वाजली की मी थरथरायचो. तेवढेच माझे बोलणे, आणि ते कुणाला ऐकू येत नसे.

सात वर्षांनी यादी पूर्ण झाली. तीन हजारांच्या वर तारे. सोमवारी लॉर्ड विंडल नावाचे उमराव ती न्यायला येणार होते. पुढे ती छापायची आणि राजाच्या प्रत्येक जहाजावर द्यायची, असे ठरले होते. त्या आधीच्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणाला अँब्रोज खारवलेला मासा आणि पाव घेऊन माझ्याजवळच बसला होता. डॉर्कस कागदांचा गठ्ठा घेऊन आत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"ध्रुव वर चढतोय," ती म्हणाली.

"काय?"

"ज्या बिंदूभोवती सगळं आकाश फिरतं, तो. पहिल्या वर्षीच्या तुझ्या आकड्यांपेक्षा आता तो तीन कला वर आहे. दर वर्षी थोडा थोडा."

"तो जागचा हलत नाही, डॉर्कस. बेरीज चुकली असेल तुझी."

"बंधुराज, बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा आकाशच खोटं ठरतंय. आता आकाश खोटं बोलेल की पॅस्कोची भिंत, ते तूच ठरव."

अँब्रोजच्या हातातला पाव तसाच राहिला. "सोमवारी ते येणार आहेत," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"सात वर्षं, डॉर्कस."

"माझीही सातच," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. छपराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आली, माझ्या रेघांवरून सरकत गेली आणि निघून गेली. अँब्रोजने माझ्यावर हात ठेवला. माणूस आजारी गुरावर ठेवतो, तसा. हे कागद असेच देऊन टाकले तर कुणाला कधी कळणार नाही, असे त्याच्या मनात आले असावे. हात तसाच जड होऊन पडला होता. मग तो उठला आणि कपाटातून ओळंबा काढून म्हणाला, "पॅस्कोला बोलाव."

पॅस्को धापा टाकत आला. ऐकले आणि त्याचा पारा चढला.

"माझी भिंत? खचली? साहेब, तुमच्या बहिणीच्या गणितापायी माझ्या चाळीस वर्षांच्या कामाला बट्टा लावता?"

"मी काही म्हणत नाही, पॅस्को. ओळंबा तूच लाव. तुझ्याच हाताने."

म्हाताऱ्याने रागारागाने दोरी टांगली. दार बंद केले. दोरी झुलली, संथ झाली, थांबली. भिंत सरळ असताना आखलेल्या खालच्या खुणेवर ती पडायला हवी होती. पडली नाही. डॉर्कस माशाबरोबर खायला मोहरी वाटत असे. तिने स्वयंपाकघरातून मोहरीचा एक दाणा आणला आणि दोरी व खूण यांच्या मधे धरला. दाणा तिथे बरोबर मावला.

पॅस्कोने डोक्यावरची टोपी काढली. चर्चमध्ये काढतात तशी.

"एवढीशी," तो पुटपुटला. "एवढीशी मोहरी."

"समुद्रावर एक कला म्हणजे एक मैल. ही मोहरी तिथे तीन मैलांची होते," अँब्रोज हळूच म्हणाला. "रात्री खडकांपाशी तीन मैल."

पॅस्कोने भिंतीला कपाळ टेकले. "माझा जोरी," एवढेच तो बोलला.

सोमवारी लॉर्ड विंडल आले, मागून नोकर रिकामी पेटी घेऊन. अँब्रोजने त्यांना सगळे सांगितले, मोहरीचा दाणाही दाखवला. त्यांना आधी हसू आले.

"थर्केल, ही चूक दरबारात कुणाला दिसणार आहे?"

"दरबारात नाही दिसणार, सरकार. जहाज खडकावर आपटलं की दिसेल."

"महाराज सात वर्षं थांबलेत. आता रिकामी पेटी नेऊ? तुमचं पद राहील असं वाटतं तुम्हाला?"

"पद गेलं तर गेलं. ही यादी मी देणार नाही."

डॉर्कस दारात उभी होती. ती म्हणाली, "दोन वर्षं द्या, सरकार. भिंत कुठल्या वर्षी किती खचली ते मी काढलंय. आकडे दुरुस्त होतील. पण प्रत्येक मोठा तारा पुन्हा तपासायला हवा."

लॉर्ड विंडल रिकामी पेटी घेऊन निघून गेले. महिनाभराने पत्र आले. दोन वर्षे मिळाली, पण दरबारात नाचक्की व्हायची ती झालीच. उमराव येईनासे झाले. बाजारात अँब्रोज दिसला की टवाळ लोक तिरके होऊन चालत आणि विचारत, "सरळ उभे आहोत ना हो, थर्केलसाहेब?" तो टोपी उचलून नमस्कार करायचा आणि पुढे जायचा.

मला भिंतीवरून उतरवून मेंढ्यांच्या लोकरीत गुंडाळून ठेवले. त्या ऊबदार अंधारात मी पुष्कळ स्वप्ने पाहिली. कधी मी घंटा झालेला असे, कधी पाण्यावर तरंगणारा चंद्र. बाहेर पॅस्कोच्या कुदळीचा आवाज येत असे. त्याने मजुरीचे नाव काढले नाही. माती उपसत उपसत तो खडकापर्यंत गेला आणि तिथून नवा पाया उचलला. मला परत चढवले त्या दिवशी त्याने काचेची नळी आणून ओळंब्याची दोरी तिच्यात सोडली, म्हणजे वारा लागू नये. "आता हिला कुणी हात लावायचा नाही," तो गुरगुरला, "आणि हिच्याकडे बघितल्याशिवाय कुणी दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. मी जरी म्हटलं, तरी नाही."

सूर्य पाहून पाहून अँब्रोजची नजर अधू झाली होती. त्या दोन वर्षांत डॉर्कस दुर्बिणीशी बसली आणि तो शेजारी बसून आकडे लिहू लागला.

"पट्टी हलवू नकोस," ती त्याला चिडवायची, आणि तो अबोल माणूस चक्क हसायचा.

यादी छापून झाली. पहिल्याच पानावर अँब्रोजने लिहिले होते, 'या वेधशाळेची भिंत खचत गेली आणि ते मला सात वर्षांनी कळले. दोष माझा आहे, कारण मी पाहणे सोडले होते. दर वर्षी किती चूक झाली आणि ती कशी दुरुस्त केली, ते पुढे दिले आहे.' छापणाऱ्याने ते पान गाळायला सांगितले होते. अँब्रोजने ऐकले नाही.

एका वसंतात जोरी टेकडी चढून वर आला. उन्हाने रापलेला, दाढी वाढलेला. दारात बाप बसला होता. त्याने मुलाला नुसते दोन्ही हातांनी चाचपले. जोरीने सांगितले, परतीच्या वाटेवर नऊ दिवस दाट ढग होते. दहाव्या दिवशी थोडा वेळ आभाळ फाटले आणि एकच तारा दिसला. कप्तानाने त्याची उंची मोजली, यादी उघडली आणि जहाज एकदम उत्तरेला वळवायला सांगितले. उजाडल्यावर पाहतात तो काय, जिथे ते चालले होते तिथे पाण्याबाहेर काळे सुळके.

"मी विचारलं कप्तानाला," जोरी म्हणाला, "एका ताऱ्यावर एवढा भरवसा? तर म्हणाला, ज्यानं पहिल्याच पानावर स्वतःची चूक लिहिलीय, त्याच्या बाकीच्या पानांच्या भरवशावर मी सगळं जहाज सोडीन."

अँब्रोजला आता माणसे धूसर दिसत. तो उठला आणि जोरीचा चेहरा हातांनी शोधला.

त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. ती सगळी माणसे एकेक करून चर्चच्या आवारात निजायला गेली. नवे खगोलवेत्ते आले, त्यांच्याबरोबर नवी, माझ्याहून तीक्ष्ण उपकरणे आली. मला उतरवले, कुणी विकले, कुणी विसरले, आणि फिरत फिरत मी या खोपटात पोचलो. अंगावर हिरवा गंज चढला आहे. मला त्याचे दुःख नाही. छपराच्या एका फुटक्या कौलातून कधीकधी अजून एखादा तारा आत डोकावतो, आणि मग मी रात्रभर जुन्या आकड्यांच्या गुंगीत असतो.

एकच मागणे आहे, मित्रांनो. जुन्या वस्तूंवरची धूळ पुसलीत तर त्यांना बरे वाटेल. पण मला सात वर्षे दर शनिवारी पुसले जात होते, आणि त्याच सात वर्षांत मी खचत होतो. म्हणून जे तुमच्या घरात वर्षानुवर्षे भक्कम उभे आहे, ज्याच्यावर तुम्ही डोळे मिटून विसंबता, मग ती वस्तू असो की माणूस, त्याच्याजवळ एखाद्या दुपारी थोडे थांबा आणि नीट बघा. आम्ही खचताना आवाज होत नाही.